टेकडीवर फिरल्याने एकटेपणा किती उतरतो?

पिपरी (मेघे) येथील एका वाचकांचे पत्र आले आहे. ते निवृत्त शिक्षक आहेत. पत्नीचे निधन होऊन दोन वर्षे झाली. एक मुलगा पुण्याला, दुसरा बंगळुरूला. रात्री झोप लागत नाही म्हणून ते डॉक्टरांकडे गेले, तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहून न देता ‘सकाळी टेकडीवर जात जा, झाडांत तासभर बसत जा, बरे वाटेल’ असे सांगितले. पत्रलेखक गणिताचे शिक्षक! ते विचारतात, ‘माझी साखर १८० आहे हे मला कळते. औषध घेतल्यावर ती १३० झाली हेही कळते. झाडांत बसल्याने माझा एकटेपणा किती कमी झाला, हे मला कोण मोजून दाखवणार? की ही नुसती मनाची समजूत?’

प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. खरे म्हणजे हा प्रश्न रुग्णांनी आम्हाला फार पूर्वीच विचारायला हवा होता. ‘निसर्गाच्या सान्निध्यात राहा’ हा सल्ला आम्ही डॉक्टर मंडळी इतक्या सहज देतो की त्याची मात्रा किती, तो कोणाला लागू पडतो आणि कोणाला पडत नाही, याचा विचार करण्याची तसदी कोणी घेत नाही. तापाची गोळी देताना आपण वय विचारतो, वजन विचारतो. झाडे लिहून देताना काहीच विचारत नाही.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. एकांत, एकटे राहणे आणि एकटेपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकांत माणूस स्वतःहून शोधतो. एकटे राहणे ही घरातली परिस्थिती आहे, ती शिरगणतीत मोजता येते. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली ४५ वर्षे व त्यापुढील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची मोठी पाहणी केली. तिच्यात साठीपुढील लोकांपैकी सुमारे पाच ते सहा टक्के लोक घरात एकटेच राहत असल्याचे दिसले. पण या आकड्यावरून एकटेपणा कळत नाही. एकटेपणा म्हणजे जितकी आणि जशी सोबत माणसाला हवी असते आणि जितकी मिळते, यांतले अंतर. अकरा माणसांच्या भरल्या घरात, सुनांच्या आणि नातवंडांच्या गलबल्यात एकटी पडलेली आजी मी पाहिली आहे. आणि शेतावरच्या खोपडीत वर्षानुवर्षे राहून ज्यांना सोबतीची उणीव कधी जाणवली नाही असे एक बाबाही पाहिले आहेत.

हा काही केवळ हळव्या मनाचा विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने ३० जून २०२५ रोजी आपला अहवाल प्रसिद्ध केला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो आणि त्याच्याशी निगडित मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजार, म्हणजे दर तासाला जवळजवळ १०० होतात, असा अंदाज त्यात दिला आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, नैराश्य यांचा धोका एकटेपणाने वाढतो. वाचकांना नवल वाटेल, पण या अहवालानुसार एकटेपणाचे प्रमाण सर्वांत जास्त म्हाताऱ्यांत नसून तेरा ते एकोणतीस या वयातल्या मुलामुलींत आहे. सावंगीच्या आणि वर्ध्याच्या वसतिगृहांतून, भाड्याच्या खोल्यांतून राहणारी, रात्री दोनपर्यंत मोबाईल चाळत बसणारी मुले डोळ्यांसमोर आणा म्हणजे पटेल.

आता झाडांकडे वळू. निसर्गाने माणूस सुधारतो याचे एक नामांकित उदाहरण आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर घडले आहे. १९३८ साली नालवाडीला असताना विनोबांची प्रकृती अगदी ढासळली. वजन ८८ पौंडांवर, म्हणजे सुमारे ४० किलोवर आले. हवापालटासाठी कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जा, असा आग्रह झाला. विनोबांनी निवडले ते पवनार! धाम नदीकाठच्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात ते राहायला गेले. जाताना सगळ्या संस्थांची, कामांची चिंता मनातून काढून टाकली. मग शेतात कुदळीने खणू लागले. पहिल्या दिवशी पाच मिनिटे, पुढे रोज थोडी थोडी वाढ, असे करत दिवसाला दोन तासांपर्यंत गेले. दहा महिन्यांत वजन १२८ पौंड झाले, म्हणजे जवळपास १८ किलोंची भर.

हे उदाहरण मी मुद्दाम सविस्तर दिले, कारण त्यात मोजमाप आहे. आधीचे वजन आहे, नंतरचे आहे, मात्रा आहे, मुदत आहे. आमच्यातले पुष्कळ डॉक्टरही इतकी काटेकोर नोंद ठेवत नाहीत. पण पत्रलेखक गुरुजी लगेच विचारतील, आणि त्यांनी विचारावेच, की वजन नेमके कशाने वाढले? धामच्या हवेने? खणण्याच्या व्यायामाने? मोकळ्या वेळेत पचेल असे खाल्ल्याने? की चिंता सोडल्याने? या सर्व गोष्टी एकाच वेळी झाल्या, त्यामुळे एकीचे श्रेय दुसरीपासून वेगळे काढता येत नाही. एका माणसाच्या अनुभवाची हीच मर्यादा आहे, मग तो माणूस कितीही थोर असो. निसर्ग आणि मन यांच्या संशोधनातली मुख्य अडचणही हीच आहे.

ती सोडवण्याचा एक सुंदर प्रयत्न अमेरिकेत रॉजर उल्रिच यांनी केला. तो १९८४ साली प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हानियातील एका इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे १९७२ ते १९८१ या काळातील जुने कागद त्यांनी काढले. त्या इस्पितळात काही खोल्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, वजन, विडीकाडीचे व्यसन वगैरे सारखे असलेल्या रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या, एक झाडांकडचा, एक भिंतीकडचा. झाडांकडचे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतीकडचे ८.७० दिवसांत. झाडांकडच्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी फक्त मे ते ऑक्टोबर या काळातले रुग्ण घेतले, कारण तिकडे थंडीत झाडांची पाने झडतात आणि मग झाडे दिसणे आणि न दिसणे यांत फरक उरत नाही. ऋतूचा विचार केल्याशिवाय निसर्ग मोजता येत नाही, हे त्यांना कळले होते. आपल्याकडे हे विसरले जाते. त्याबद्दल पुढे लिहितो.

त्यानंतर मात्रेचा प्रश्न. २०१९ साली इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून एक निष्कर्ष आला, तो वर्तमानपत्रांतून खूप गाजला. आठवड्यात एकूण १२० मिनिटे किंवा अधिक वेळ बागेत, रानात, नदीकाठी, समुद्रकिनारी घालवणारे लोक आपली प्रकृती व मनःस्थिती चांगली असल्याचे जास्त प्रमाणात सांगत होते. त्याहून कमी वेळ जाणाऱ्यांत फारसा फरक दिसला नाही. २०० ते ३०० मिनिटांपुढे लाभ वाढत गेला नाही. ही मिनिटे एकाच फेरीत घालवा की रोज थोडी थोडी, याने फरक पडला नाही. स्वतःच्या घराच्या बागेतला वेळ यात धरला नव्हता.

ही ‘दोन तासांची मात्रा’ ऐकायला छान वाटते. पण जरा थांबा. जो आधीच धडधाकट आहे, ज्याचे गुडघे दुखत नाहीत, तोच तर टेकडीवर जातो! मग टेकडीमुळे प्रकृती चांगली की प्रकृती चांगली म्हणून टेकडी? एकाच वेळी केलेल्या पाहणीतून हे ठरत नाही. त्या संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही. दावा केला तो बातम्यांच्या मथळ्यांनी.

एकटेपणापुरते बोलायचे तर दोन अभ्यास मला वजनदार वाटतात. पहिला ऑस्ट्रेलियातला, २०२२ सालचा. सिडनी, न्यूकॅसल आणि वोलोंगाँग या शहरांतल्या लोकांचा काही वर्षे पाठपुरावा केला. आधी एकटे न वाटणाऱ्यांपैकी किती जणांना पुढे एकटे वाटू लागले, हे पाहिले. घरापासून १.६ किलोमीटरच्या परिसरात तीस टक्के किंवा अधिक हिरवी जागा असलेल्यांत हा धोका दहा टक्क्यांपेक्षा कमी हिरवाई असलेल्यांच्या मानाने सुमारे चौथाईने कमी होता, आणि घरात एकट्याने राहणाऱ्यांत तर निम्म्याच्या आसपास कमी. म्हणजे ज्याला घरात बोलायला कोणी नाही, त्याला घराबाहेरच्या झाडाची गरज जास्त. हे तर्कालाही धरून आहे.

दुसरा अभ्यास लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या पुढाकाराने झालेला, २०२१ सालचा. त्यात मोबाईलमधील एका अॅपने ७५६ लोकांना चौदा दिवस, दिवसातून तीनदा, जिथे असतील तिथे गाठून विचारले की आत्ता तुम्हाला एकटे वाटते का? आत्ता झाडे दिसतात का? आकाश दिसते का? पक्ष्यांचा आवाज येतो का? भोवती फार गर्दी वाटते का? अशी सोळा हजारांवर उत्तरे जमली. निसर्गाचा संपर्क असलेल्या क्षणी एकटेपणा २८ टक्क्यांनी कमी, तर गर्दी अंगावर येते असे वाटताना ३९ टक्क्यांनी जास्त आढळला. ‘गेल्या महिन्यात कसे वाटले?’ असे विचारले की माणूस आठवून, सावरून, जुळवून सांगतो. ‘आत्ता कसे वाटते?’ याला सजवायला वेळ मिळत नाही. या पद्धतीचा मोठेपणा तिथे आहे. तिचा कमकुवतपणाही उघड आहे. ज्याच्या हाती चांगला मोबाईल आहे आणि जो स्वतःहून असल्या अभ्यासात भाग घेतो, त्याचेच हे मोजमाप. आपल्याकडची आजी त्यात येत नाही.

मग आपल्या आजीचे मोजायचे कसे? कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९७८ साली एकटेपणाची वीस प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. २००४ साली तिचे तीन प्रश्नांचे छोटे रूप आले. सोबतीची उणीव किती वेळा वाटते? आपल्याला वगळले जाते असे किती वेळा वाटते? आपण इतरांपासून तुटलो आहोत असे किती वेळा वाटते? प्रत्येकाला ‘क्वचितच’ असेल तर १ गुण, ‘कधी कधी’ला २, ‘नेहमी’ला ३. बेरीज ३ ते ९ येते. ६ किंवा त्याहून अधिक आली तर एकटेपणा आहे असे साधारणपणे धरतात. यात कुठेही ‘तुम्ही एकटे आहात का?’ असे थेट विचारलेले नाही, ही यातली शहाणपणाची गोष्ट. थेट विचारले की माणूस नाही म्हणतो.

आपल्याकडे तर हमखास नाही म्हणतो. ‘काकाजी, एकटे वाटते का?’ असे मी एका गृहस्थांना विचारले, तेव्हा ते जवळजवळ रागावलेच. ‘एकटा कायले राहीन जी मी? दोन पोरं हायेत, सुना हायेत, नातवंडं हायेत!’ एकटे वाटते असे म्हणणे म्हणजे मुलांवर ठपका ठेवणे, असा आपल्या समाजाचा समज आहे. त्यातून प्रश्न विचारताना सून शेजारी बसलेली असेल तर विचारायलाच नको. सासूबाईंचे गुण नेहमी ३ येणार! तेव्हा पहिला नियम हा की हे प्रश्न घरात, सर्वांसमोर विचारू नयेत. दुसरे असे की इंग्रजीतला शब्द मराठीत जसाच्या तसा आणून भागत नाही. आमच्याकडची बाई ‘एकटेपणा’ म्हणत नाही, ती म्हणते ‘करमत नाही’, ‘घर खायला उठते’, ‘छातीत कसंतरीच होते’. ती छाती दुखते म्हणून येते, तिचा ईसीजी निघतो, तो ठीक येतो आणि ती परत जाते. असे किती ईसीजी आपल्या जिल्ह्यात दर आठवड्याला निघत असतील! त्यातल्या निम्म्या बायांना कोणी ‘दिवसभरात कोणाशी बोललात?’ एवढे विचारले असते, तरी पुढचा ईसीजी टळला असता असे माझे मत आहे.

मनाच्या स्वास्थ्यासाठी दुसरी एक सोपी मोजपट्टी आहे, जागतिक आरोग्य संघटनेची, १९९८ सालची. तीत पाच प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होते का, शांत होते का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठताना ताजेतवाने वाटले का, रोजच्या दिवसात मन रमेल असे काही होते का. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला चारने गुणले की शंभरपैकी गुण मिळतात. पन्नास किंवा त्याखाली आले तर नैराश्य आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. दोन वेळच्या मोजणीत दहा गुणांचा फरक पडला तर तो अर्थपूर्ण मानतात. दोन-चार गुण इकडेतिकडे झाले तर त्याला महत्त्व देऊ नये.

गुरुजी, ही झाली तुमची साखर तपासण्याची पट्टी. पण ती वापरताना एक गंमत लक्षात ठेवा. माणूस औषध केव्हा सुरू करतो? जेव्हा सर्वांत जास्त त्रास होतो तेव्हा. त्रास शिगेला पोचला की पुढे काहीही न करता तो थोडा तरी उतरतोच. मग त्या काळात जे केले असेल, त्याला श्रेय मिळते, मग ते टेकडी असो, गंडा असो की गोळी. शिवाय आपण ऑगस्टमध्ये फिरायला सुरुवात केली, नोव्हेंबरमध्ये गुण मोजले आणि ते वीसने वाढलेले निघाले. पण मधल्या काळात दिवाळी होऊन गेली, पुण्याचा मुलगा नातवंडांसह आठ दिवस राहून गेला, त्याचे काय? आणि एप्रिलमध्ये मोजले तर? आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. सकाळी आठनंतर टेकडीवर माणूस सोडा, कुत्रेही दिसत नाही. त्या दिवसांत ‘निसर्गात जा’ म्हणणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. युरोपातले आठवड्याचे दोन तास विदर्भाच्या मे महिन्याला लागू नाहीत. इथे पहाटे साडेपाच ते सात एवढीच मात्रा शक्य आहे, तीही पाण्याची बाटली हाती घेऊन.

म्हणून एकट्याने मोजून भागत नाही, गटाने मोजावे लागते. पन्नास जण तयार असतील तर चिठ्ठ्या टाकून पंचवीस जणांनी आता आठ आठवडे सुरू करावे, उरलेल्या पंचवीसांनी आठ आठवडे थांबून मग सुरू करावे. दिवाळी दोघांचीही सारखी, पाऊस दोघांनाही सारखा, तेव्हा जो फरक उरेल तो फिरण्याचा. वंचित कोणीच राहत नाही, थोडा उशीर होतो इतकेच. याला पैसा लागत नाही, चिकाटी लागते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक वर्षीचे विद्यार्थी एक गाव दत्तक घेतात, तिथे शिबिरात राहतात, घरोघरी जाऊन कुटुंबांची पाहणी करतात. त्या पाहणीच्या कागदावर हे तीन प्रश्न वाढवले तर चार ओळींची जागा जाईल. रक्तदाब, हिमोग्लोबिन यांच्या रांगेत एकटेपणाचा आकडा बसेल. मला वाटते, यापेक्षा स्वस्त तपासणी वैद्यकशास्त्रात दुसरी नसेल.

आता एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण ‘निसर्गोपचारा’च्या उत्साहात ती दडपली जाते. सेलू तालुक्यातील एक बाई माझ्याकडे अंगदुखीसाठी आल्या होत्या. नवरा गेला, तीन एकर वावर स्वतः करतात. बोलता बोलता मी फिरण्याविषयी काही बोललो असेन. त्या हसून म्हणाल्या, ‘दिवसभर वावरातच तं असतो जी मी. आनखी कुठं फिराले जाऊ?’ या वाक्यापुढे वीस हजार लोकांचा इंग्लंडचा अभ्यास लंगडा पडतो. निसर्गातल्या वेळाचा एकटेपणावर परिणाम होतो म्हणावे, तर आपला शेतकरी रोज बारा तास निसर्गातच आहे. आणि २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. आभाळ, पाखरे, झाडे, सगळे होते तिथे. पण आभाळाकडे पाहताना ज्याला पाऊस येतो की नाही याची धास्ती आहे, त्याच्यासाठी ते आभाळ म्हणजे विसावा नव्हे, ती कर्जाच्या हप्त्याची तारीख आहे. त्यामुळे मोजणाऱ्याने नुसती मिनिटे मोजू नयेत. ती मिनिटे कोणाच्या मर्जीने गेली, कामाची होती की विसाव्याची, आणि सोबत कोण होते, या तीन गोष्टी मिनिटांपुढे लिहाव्यात.

सोबतीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच बाईंना मी विचारले की कापूस वेचणीला चार बाया बरोबर असतात तेव्हा कसे वाटते? ‘तवा दिवस कसा गेला ते समजत नाही,’ असे त्या म्हणाल्या. वावर तेच, ऊन तेच, काम तितकेच कष्टाचे. २०२१ पासून युरोपीय संघाच्या मदतीने बार्सिलोना, प्राग, हेलसिंकी, मार्सेय, मेलबर्न आणि इक्वाडोरमधील क्वेन्का या सहा शहरांत एकटेपणावर निसर्गाचा उतारा करून पाहण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला गेला. त्यात एकेकट्याला बागेत पाठवलेले नाही. लहान लहान गट करून, ठरलेल्या दिवशी, बरोबर कोणीतरी जबाबदार माणूस देऊन लोकांना बाहेर नेले. मेख इथे आहे. झाड हे निमित्त होते. समोरासमोर खुर्च्या मांडून दोन अनोळखी म्हाताऱ्यांना ‘बोला’ म्हटले तर ते घड्याळाकडे पाहतात. त्यांनाच कडुलिंबाखालून एका दिशेने चालायला लावले तर दहा मिनिटांत एकाच्या गुडघ्यावरून दुसऱ्याच्या जावयापर्यंत बोलणे पोचते.

पिपरी, सावंगी, बोरगाव, सिंदी, उमरी ही सगळी ‘मेघे’ मंडळी आता वर्ध्याला अशी चिकटली आहेत की गाव कुठे संपते आणि शहर कुठे सुरू होते, हे पाहुण्याला कळत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जिथे तुरीची आणि कपाशीची वावरे होती तिथे ले-आऊट पडले. प्लॉटांवर दुमजली घरे झाली. ज्या मुलांसाठी वरचा मजला बांधला ती मुले पुण्याला गेली आणि वरच्या मजल्याला कुलूप लागले. प्रत्येक ले-आऊटमध्ये नकाशावर एक ‘ओपन स्पेस’ असते. प्रत्यक्षात तिथे काय असते? एका ओपन स्पेसमध्ये मी तारेचे कुंपण आणि फाटकाला कुलूप पाहिले. आत व्यायामाची लोखंडी यंत्रे बसवलेली, सावलीला एकही झाड नाही. मे महिन्यात त्या यंत्राला हात लावला तर फोड येईल! मग संध्याकाळी म्हातारी मंडळी बसतात कुठे? रस्त्याच्या कडेला, नालीच्या कठड्यावर. कारण तिथे एक निंबाचे झाड शिल्लक आहे. लोकांनी आपल्या पायांनी मत दिले आहे, ते वाचायला अभ्यासाची गरज नाही.

टेकड्यांचे तसे नाही. हनुमान टेकडी आणि आयटीआय टेकडी या जागी स्वयंसेवी मंडळींनी वर्षानुवर्षे खपून, पाणी वाहून झाडे जगवली आणि आज पहाटे तिथे शेकडो पावले उमटतात. त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. पण टेकडी चढू शकणारा माणूस आणि सर्वांत एकटा पडलेला माणूस हे बहुतेक वेळा एकच नसतात. पंच्याहत्तरीच्या, गुडघे गेलेल्या, अंधाऱ्या रस्त्याला भिणाऱ्या विधवा बाईला घरापासून दोनशे पावलांवर सावली आणि बाक हवा. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासातले सर्वांत मोठे लाभार्थी आठवा, घरात एकटे राहणारे. त्यांना टेकडीपर्यंत नेण्यापेक्षा झाड त्यांच्यापर्यंत आणणे सोपे आहे. बायकांच्या बाबतीत वेळेचाही प्रश्न आहे. सकाळी सहा ही पुरुषांची फिरायची वेळ असते, बायकांची ती पाणी भरण्याची आणि डब्यांची वेळ. त्यांना दुपारी चार ते साडेपाच मोकळीक मिळते, आणि नेमके तेव्हाच बागांचे फाटक पुष्कळ ठिकाणी बंद असते.

गुरुजींसाठी आणि ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो. एक वही घ्या. फिरणे सुरू करण्याआधी दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा ती तीन आणि पाच प्रश्नांची उत्तरे लिहा, म्हणजे नुसती शिगेची अवस्था नोंदली जाणार नाही. मग आठ आठवडे, आठवड्यातून निदान तीन दिवस, मिळून दोन तासांवर बाहेर पडा. रोज दोनच ओळी लिहा, किती मिनिटे गेली आणि कोणाशी बोललो. मुले आली, सण झाला, आजारपण आले तर त्या दिवशी फुली मारा. दर पंधरा दिवसांनी प्रश्न पुन्हा सोडवा, मागचे गुण न पाहता. आठ आठवड्यांनी गुण हलले नाहीत, तर निसर्गाला किंवा स्वतःला दोष देऊ नका. सोबत बदलून पाहा. आणि पाच प्रश्नांचे गुण पन्नासच्या वर येतच नसतील, झोप आणि भूक गेली असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर झाडांवर भिस्त ठेवून बसू नका. ते नैराश्य असू शकते. त्याला औषध आहे आणि ते घेण्यात कमीपणा नाही. सेवाग्राम व सावंगीच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येते.

राहिला ओपन स्पेसचा प्रश्न. तो डॉक्टरांच्या हातचा नाही. ग्रामपंचायत असो की नगर परिषद, तिथे लेखी मागणी द्यावी लागेल. कुलूप काढा, दुपारी चारला फाटक उघडा, यंत्रांच्या आधी चार कडुलिंब आणि दोन करंज लावा, आणि पाठीला टेकू असलेले सहा बाक ठेवा, कारण टेकू नसलेल्या बाकावर म्हातारा माणूस दहा मिनिटांपेक्षा जास्त बसत नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा कागद वाचला जावा असे वाटत असेल तर तो सप्टेंबरातच द्यायला हवा, आणि त्यावर ले-आऊटमधल्या निदान पंचवीस घरांच्या सह्या असाव्यात. सह्या घेण्यासाठी पंचवीस दारे वाजवावी लागतील. हे काम गुरुजींनी अंगावर घेतले तर वहीत त्या आठवड्याचे गुण वेगळ्या शाईने लिहावेत.